पी. बाळू : मैदान जिंकले, मतपेटीत हरले!

फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेची निवडणूक झाली. भायखळा-परळ मतदारसंघातून स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार डॉ. बाबासाहेब आंबेडकर १३,२४५ मते मिळवून विजयी झाले. हा विजय चळवळीतल्या लहान-थोर सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच राखीव जागेसाठी काँग्रेसने उभ्या केलेल्या उमेदवारालाही ११,२२५ मते पडली होती. फरक अवघा २,०२० मतांचा! हा उमेदवार कोण होता? त्याला एवढी मते कशी पडली? हा प्रश्न आपल्या सभांतून फारसा विचारला जात नाही. विचारलाच तर 'काँग्रेसचा हस्तक' एवढे एकच उत्तर मिळते आणि विषय संपतो.

त्या उमेदवाराचे नाव पालवणकर बाळू. क्रिकेटच्या इतिहासात पी. बाळू म्हणून ते ओळखले जातात. बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला म्हणून त्यांचे आयुष्य अडगळीत टाकावे, असे मला वाटत नाही. एका अस्पृश्य माणसाने अंगच्या गुणावर अख्ख्या हिंदू समाजाचा मान मिळवला, त्या मानावर विश्वास ठेवून तो मते मागायला गेला आणि त्याच्या हाती काय लागले, याची ही कहाणी आहे. संयुक्त मतदारसंघ म्हणजे काय, हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा या एका आयुष्यातून अधिक चांगले समजते.

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ चा, धारवाडचा. जात चांभार. कुटुंब मूळचे कोकणातील पालवणचे. त्यावरूनच आडनाव पडले. वडील लष्करात नोकरीला होते. महार आणि चांभार समाजातील अनेक कुटुंबांना शाळेची आणि शहराची पहिली ओळख या लष्करी छावण्यांतच झाली, हे आपल्याला बाबासाहेबांच्या घराण्यावरूनही माहीत आहे. वडिलांच्या नोकरीमुळे हे कुटुंब पुण्याला आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हेही याच खेळात आले.

पोटासाठी बाळूंनी पहिली नोकरी धरली ती पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय? खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रूळ फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे ४ रुपये मिळू लागले. रूळ फिरवणे, जाळी बांधणे, मैदान आखणे ही कामे तेथेही होतीच. साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकायला हवा असे, ते कामही या पोरावर आले. डाव्या हाताने संथ, वळणारा चेंडू ते असा टाकत की भलेभले फलंदाज चकत. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी आणि आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. मात्र त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी आली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि घाम बाळूंनी गाळायचा, अशी ती वाटणी होती.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. हरवू शकेल असा गोलंदाज गावातच होता, पण तो चांभार! त्याला घ्यावे की न घ्यावे यावर सवर्णांत दोन तट पडले. शेवटी विजयाची हाव शिवाशिवीपेक्षा मोठी ठरली आणि बाळूंना संघात घेतले. घेतले म्हणजे काय केले? मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू हातात घेत. चहाची वेळ झाली की इतरांचा चहा आत, चिनी मातीच्या कपात आणि बाळूंचा बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवायला त्यांचे पान वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर तेही अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचे. त्यांच्या बोटांतून सुटलेला चेंडू पवित्र होता आणि त्याच बोटांनी धरलेला कप विटाळत होता. हिंदू धर्मशास्त्राचा हा चमत्कार कोणत्या तर्कात बसतो?

बाळूंच्या बळावर पुण्याचे हिंदू जिंकू लागले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या क्लबालाही त्यांनी धूळ चारली. मग जाहीर सत्कार झाले, हार पडले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकाने संघातल्यांना सुनावले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे? पुण्यात प्लेगची साथ आल्यावर बाळू मुंबईला आले. पुढे बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांचा गाजलेला सामना झाला. राज्यकर्त्यांचा संघ १०९ धावांनी हरला. त्या सामन्यात बाळूंनी आठ गडी बाद केले. देशभर जल्लोष झाला. मुंबईच्या जिमखान्यात तोवर बाळूंना सर्वांबरोबर पंगतीत घेतले जाऊ लागले होते; सुधारकांच्या पत्रांनी त्याचे मोठे कौतुक केले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सुमारच झाली. पण पस्तिशी गाठलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. बाबासाहेबांच्या अगदी सुरुवातीच्या सार्वजनिक कार्याशी बाळूंच्या या गौरवाचा संबंध अभ्यासक जोडतात. त्यात आश्चर्य नाही. त्या काळात अस्पृश्य तरुणाने मान वर करून ज्याच्याकडे पाहावे, अशी माणसे होती तरी किती? बाळू त्यांत अग्रभागी होते.

पण कर्णधारपद? ते मात्र नाही! सर्वांत जुना, सर्वांत यशस्वी गोलंदाज असूनही वर्षामागून वर्षे कर्णधार सवर्णच राहिला. १९२० मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद एम. डी. पै यांच्याकडे गेले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी जातीच्या कारणाने होणाऱ्या या अन्यायाचा जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. हा बहिष्कार लागू पडला. बाळूंना परत बोलावले, उपकर्णधार केले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळेपुरते बाळू हिंदू संघाचे नेते झाले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, धाकटे विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्यांनी हिंदूंना अजिंक्यपद मिळवून दिले. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. पालवणकर बंधूंना जे मिळाले ते कोणाच्या हृदयपरिवर्तनाने मिळाले नाही. खेळायला नकार देण्याची हिंमत दाखवली म्हणून मिळाले. हा धडा त्यांच्याच घरातला होता.

आता राजकारणाकडे वळू. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे मांडलेली भूमिका नीट समजून घेतली पाहिजे. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळणार असेल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा चालतील. मताधिकार मालमत्ता आणि करावर अवलंबून राहणार असेल तर स्वतंत्र मतदारसंघच हवेत. या भूमिकेत भावनेला जागा नव्हती, हिशेब होता. ज्या यादीत आमची नावेच नाहीत, त्या यादीने निवडलेला माणूस आमचा कसा?

बाळूंचा हिशेब वेगळा होता. ज्या हिंदू समाजाने आपल्याला पंगतीबाहेर बसवले, त्याच समाजाने पुढे आपल्याला खांद्यावर घेतले; तेव्हा हा समाज हळूहळू बदलेल, त्यापासून तुटून निघू नये, असा त्यांचा आयुष्यभराच्या अनुभवातून आलेला विश्वास होता. म्हणून १९३२ मध्ये ते एम. सी. राजांच्या बाजूने, संयुक्त मतदारसंघाच्या पक्षात उभे राहिले. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्यावर बाबासाहेबांच्या सहीबरोबर पी. बाळू यांचीही सही आहे. एकाची सही एका माणसाचा जीव टांगणीला लागला असताना, नाइलाजाने झालेली, दुसऱ्याची मनापासूनची. कागदावर मात्र दोन्ही सह्या सारख्याच दिसतात.

करारानंतर वर्षभरातच बाळूंच्या विश्वासाची परीक्षा झाली. १९३३ मध्ये मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत ते हिंदू महासभेच्या तिकिटावर उभे राहिले. उमेदवार कसा होता? वर्षानुवर्षे ज्याने हिंदूंच्या नावाने सामने जिंकून दिले, ज्याचे नाव गिरणगावापासून गिरगावापर्यंत पोराटोरांना ठाऊक, ज्याच्यावर एकही डाग नाही, असा. पक्ष कोणता? हिंदूंच्या ऐक्याची भाषा करणारा. आणि निकाल? बाळू पडले.

पुणे कराराच्या राखीव जागा कायदेमंडळापुरत्या होत्या. स्थानिक संस्थांसाठी करारात आठवे कलम होते. अस्पृश्य आहे म्हणून कोणालाही स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत अपात्र मानले जाणार नाही आणि त्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे म्हणून सर्व प्रयत्न केले जातील, असा त्याचा आशय. वकिलाच्या नजरेने हे कलम वाचले तर काय दिसते? आश्वासन आहे, पण जागांचा आकडा नाही, मुदत नाही, आश्वासन मोडल्यास उपाय नाही. अशा कलमाच्या आधारे कोर्टात काही मागता येत नाही.

शिवाय मतदार कोण होते? मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात मत देण्याचा अधिकार करदात्यांचा आणि मोजक्या प्रतिष्ठितांचा. १९२२ च्या दुरुस्तीने तो दरमहा १० रुपये घरभाडे भरणाऱ्यापर्यंत खाली आला, आणि ही फार मोठी सुधारणा म्हणून तिचे कौतुक झाले. पण चाळीतल्या एका खोलीत दाटीवाटीने राहणारा गिरणी कामगार, गोदीतला हमाल, पालिकेचाच झाडूवाला एवढे भाडे कोठून भरणार? १९३० च्या दशकातही या शहरातले मत भाड्याच्या पावतीला बांधलेले होते. सर्व प्रौढांच्या मताने मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर. म्हणजे बाळूंवर ज्यांनी जीव ओवाळून टाकला असता, त्या वस्तीतल्या बहुतेकांना मतच नव्हते. ज्यांना मत होते, त्यांच्याकडेच बाळूंना जावे लागले. टाळ्या वाजवायला पैसे पडत नव्हते. मत मात्र तोलूनमापून दिले जात होते.

यानंतर १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. बाळूंना ती पटली नाही. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेत अस्पृश्यांसाठी १५ जागा राखीव होत्या. बाबासाहेबांना विधानसभेबाहेर ठेवायचे तर त्यांच्यासमोर कोणाला उभे करायचे, याचा काँग्रेसने विचार केला. कोणी सवर्ण पुढारी चालणार नव्हता. जागा राखीव होती. हवा होता अस्पृश्य, नावाजलेला, सर्वांना आवडणारा आणि महार नसलेला माणूस. बाळू साठीला आले होते. राजकारणाची त्यांना फारशी हौस नव्हती. ते नाखुशीनेच उभे राहिले असे चरित्रकार सांगतात. पण पक्षाने नाव पुढे केले आणि कालपर्यंत एकमेकांचा आदर करणारी दोन माणसे एकाच जागेसाठी समोरासमोर आली. अस्पृश्याच्या विरोधात अस्पृश्य, आणि त्यातही महाराच्या विरोधात चांभार! ही चाल आजही जुनी झालेली नाही.

बाबासाहेब जिंकले कसे, हे मात्र कायद्याच्या अंगाने पाहिले पाहिजे. मुंबई प्रांतात तेव्हा एकाहून अधिक सदस्यांच्या मतदारसंघांत एकत्रित मतदानाची पद्धत होती. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत आणि ती सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. अल्पसंख्य असलेल्या पण जागृत समाजासाठी हे मोठे हत्यार होते. सवर्ण पक्षांना ही पद्धत नको होती; मते वेगवेगळ्या उमेदवारांत वाटण्याची सक्ती त्यांना हवी होती, म्हणजे त्यांची उरलेली मते राखीव जागेवर ओतून आपल्या सोयीचा माणूस निवडता आला असता. ही पद्धत टिकावी यासाठी बाबासाहेबांनी आग्रह धरला आणि १९३७ मध्ये चाळीचाळींतून आपल्या माणसांनी आपली सारी मते एकट्या बाबासाहेबांना दिली. काँग्रेसची लाट होती, बाळूंची लोकप्रियता होती, तरी २,०२० मतांनी का होईना, आपल्या मतावर आपला माणूस निवडून आला.

आता १९५२ कडे पाहा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी संविधानाच्या शिल्पकाराचा १४ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. पण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने एका उमेदवाराला एकापेक्षा जास्त मत देण्यास मनाई केली होती. १९३७ चे हत्यार हातातून गेले होते. या पराभवाला इतरही कारणे होती, ती मी नाकारत नाही. कम्युनिस्टांचे आणि समाजवाद्यांचे राजकारण त्यात होतेच. पण मत मोजण्याचा नियम बदलला की निकाल कसा बदलू शकतो, हे या दोन निवडणुका शेजारी ठेवल्यावर दिसते. नियम कोण करतो, याकडे म्हणूनच लक्ष ठेवायचे असते.

बाळूंचे काय झाले? १९३७ नंतर ते पुन्हा मोठ्या निवडणुकीत दिसले नाहीत. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने नागपूरला धम्मक्रांती झाली. ती पाहायला ते नव्हते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, ही त्यांची कागदावरची कमाई. भारतातला पहिला महान फिरकी गोलंदाज म्हणून त्यांचे नाव घेतले जायला हवे होते. पण कितीतरी काळ क्रिकेटच्या इतिहासाने त्यांना विसरून टाकले. राजे-महाराजांच्या नावाने करंडक झाले, बाळूंच्या वाट्याला उपेक्षा आली. ज्या समाजाच्या विजयासाठी ते खेळले त्याने त्यांना विसरावे आणि ज्या समाजातून ते आले त्याने त्यांना विरोधक म्हणून बाजूला ठेवावे, हा दुहेरी अन्याय आहे.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. बाळूंची राजकीय भूमिका चुकीची होती. हे त्यांच्या विरोधकांनी सिद्ध करण्याची गरजच पडली नाही. १९३३ च्या मतपेटीने, त्यांच्याच बाजूच्या मतपेटीने ते सिद्ध केले. खेळात मिळालेला मान सत्तेत बदलता येईल, असे त्यांना वाटले. मान आणि सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबासाहेबांनी आधीच ओळखले होते. दुसऱ्याच्या विजयासाठी आमचा हात लागला की आम्हाला टाळ्या मिळतात. पण आमच्यासाठी आम्ही काही मागितले की ते पाहा कसे मातले, असे ऐकावे लागते. तरीही बाळू लाचार नव्हते. १९२० मध्ये ज्या घराने अपमान सहन करण्याऐवजी संघ सोडला, ते घर लाचार कसे असेल? त्यांना वापरणाऱ्यांचा हिशेब आपण मागितला पाहिजे, त्यांची टवाळी करू नये. महार-चांभार-मांग ही फूट १९३७ मध्ये ज्यांनी पेरली, त्यांचे पीक आपण बाळूंना शिव्या देऊन कापत राहिलो तर फायदा कोणाचा?

आजचा कायदा बाळूंच्या काळापेक्षा फार पुढे आहे. संविधानाच्या कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. भाड्याची पावती कोणी मागत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका आणि महापालिकांत अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव झाल्या. पुणे कराराच्या आठव्या कलमात जे आश्वासन होते, ते कलम २४३-टी मध्ये बंधन झाले. ही कमाई लहान नाही. पण राखीव वॉर्डातला उमेदवार कोण ठरवतो? वस्ती ठरवते की पक्षाचे कार्यालय? निवडून आल्यावर तो वस्तीच्या पाण्यासाठी, सफाई कामगारांच्या कायम नोकरीसाठी, झोपडीच्या पट्ट्यासाठी सभागृहात उभा राहतो की तिकीट देणाऱ्याकडे पाहून खाली बसतो? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने आपापल्या वॉर्डात शोधावीत.

पुढच्या वेळी कोणी उमेदवार दारात मत मागायला आला, तर त्याची जात विचारू नका आणि त्याच्या गळ्यातले हारही मोजू नका. तिकीट कोणी दिले आणि कशाच्या बदल्यात दिले, एवढे विचारा. १९३३ मध्ये हा प्रश्न विचारायला आपल्याकडे मत नव्हते. आज आहे. ते बाबासाहेबांनी मिळवून दिलेले आहे, आणि त्याची किंमत १० रुपये भाड्याहून कितीतरी अधिक आहे.

जयभीम!